१ जूनची मुले आणि मुलाखतीची नातवंडे

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मला इतिहासावर काहीतरी लिहायला सांगितले. मी सत्तावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे विषयाची वाण नव्हती. पण गेल्या नोव्हेंबरपासून आपल्या १९८५ च्या दहावीच्या गटावर एकच विषय गाजतो आहे. कोणाच्या नातवाला शिशुवर्गात घालायचे आहे, शाळेने आईवडिलांना मुलासह 'भेटी'ला बोलावले आहे, काय तयारी करावी? त्यावर आपल्या मंडळींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. आईने साडी नेसावी की पंजाबी ड्रेस घालावा इथपासून ते मुलाला बारा रंगांची इंग्रजी नावे यायला हवीत इथपर्यंत. त्यातच आपल्या शाळेच्या विनाअनुदानित पूर्वप्राथमिक विभागातही अशी कुटुंब-भेट सुरू करावी आणि माजी विद्यार्थ्यांच्या नातवंडांना झुकते माप द्यावे, अशी सूचना माजी विद्यार्थी संघापुढे आली आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर चर्चा आहे. तेव्हा शाळेच्या दारात पालकाला आजवर काय काय विचारले गेले, याचा थोडा इतिहास त्याआधी सर्वांच्या हाती असावा, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्यापासूनच करू. आपल्या वर्गाचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून लिहिलेले किती निघतील! आपल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी त्या दिवशी फोनला दम लागतो. आपल्या आया काही सगळ्या एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. खेड्यापाड्यांत आणि वाड्यावस्त्यांवर तो रुजायला पुढे बरीच वर्षे गेली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला सहा पूर्ण हवीत, आणि घरून उत्तर यायचे, 'मोठ्या पावसाच्या साली झाला'. मग हेडमास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे, आणि तारीख १ जून. तेवढीच आपली प्रवेश परीक्षा. ती महाराष्ट्रातल्या हजारो शाळांमध्ये अशीच झाली, आणि तिच्यासाठी कोणी शिकवणी लावली नाही.

त्याच्याही मागे गेलो तर पंतोजींची शाळा. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या तरी पडवीत भरणारी. मुलाला घालायचे ते चांगला दिवस पाहून, बहुधा विजयादशमीला, पाटीपूजन करून. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, पाढे घोकायचे, मोडी वळवायची. फी म्हणजे धान्य, थोडी दक्षिणा, सणाला शिधा. पंतोजी गावातलेच, मुलाच्या आजोबांनाही ओळखणारे. त्यामुळे घरची चौकशी करायची गरजच नसे. पण या आठवणीत फार रमू नये. ओवरी कोणाला चढता येई आणि कोणाला नाही, हे न विचारताच ठरलेले होते. मुलींचा आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचा प्रश्न दारापर्यंतही येत नव्हता.

तो दारापर्यंत आणला फुले दांपत्याने. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या काळात मुलगी शाळेत यायची तर आधी तिच्या घरच्यांचे मन वळवावे लागे. म्हणजे कुटुंबाशी भेट तेव्हाही होती, फक्त ती शाळेला मागावी लागत होती आणि घरचे लोक परीक्षकाच्या खुर्चीत होते.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी शिक्षण खाती आली आणि खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आली. आज आपण ज्यांना खासगी अनुदानित शाळा म्हणतो, त्यांचे मूळ इथे आहे. दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, अशी भीती त्यामागे होती. प्रकरण लंडनपर्यंत गेले आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा जातीचा भेद न करता सर्वांना खुल्या आहेत, असे कंपनीच्या संचालकांना सांगावे लागले. सांगणे आणि होणे यांत मात्र अंतर राहिले. एका मुलाने बाकीचे पालक नाराज होतील, हे कारण तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. आज ते 'बॅकग्राउंड जुळत नाही' अशा सौम्य शब्दांत येते एवढेच.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर जातो, तो शेतकऱ्यांच्या करातून येतो, आणि प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, हा त्याचा गाभा होता. सक्ती हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. फुल्यांना मूल शाळेत निवडून घ्यायचे नव्हते, प्रत्येक मूल शाळेत आणायचे होते.

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात नोंद आहे भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. वडील सुभेदार रामजी, लष्करातून निवृत्त झालेले. मुलांनी शिकावे यासाठी जिवाचे रान करणारे. ते रजिस्टर साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलने जपून ठेवले आहे, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. साताऱ्यात असताना हा मुलगा वर्गात वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे आणि पाणी शिपायाने वरून ओतले तरच पीत असे, हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. नाव रजिस्टरात चढणे ही पहिली पायरी, वर्गात जागा मिळणे ही दुसरी. इतिहास शिकवताना मी ही नोंद नेहमी मुलांना सांगत असे. रजिस्टरातली एक ओळ किती दूर जाऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण माझ्याजवळ नाही.

यानंतरची साठ-सत्तर वर्षे महाराष्ट्रात शाळाच पालकाच्या मागे धावल्या. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया म्हणजे थोडा पैसा नव्हे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह. दंड राजाने पालकाला करायचा, तोही मूल घरी ठेवले म्हणून! हे वाचून आजच्या तरुण आईवडिलांना हसू येईल.

शिशुवर्गाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि आपल्या आजच्या प्रश्नाशी ती जास्त जवळची आहे. लहान मुलांसाठी वेगळी शाळा हवी, हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. गिजुभाईंचे भावनगरचे बालमंदिर १९२० चे, नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा. माँटेसोरीबाईंची पद्धत, महागडी साधने, शहरातली सुखवस्तू घरे, अशी ती सुरुवात होती. ताराबाईंना ते खटकत राहिले. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. आदिवासी पाड्यातली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. अंगणात भरते ती अंगणवाडी, हे नाव तिथले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळाही काढली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज देशभर सरकारी योजनेत जो 'अंगणवाडी' शब्द आहे, त्याचा जन्म असा मराठी अंगणात झाला.

आता आपल्या शाळेकडे या. १९७५ च्या मे महिन्यात आपल्या बाई उन्हातान्हात, डोक्यावर पदर घेऊन, हातात वही घेऊन गल्लीगल्लीत पटनोंदणीला फिरत होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आईकडून ऐकले असेल. आमच्या चाळीत त्या आल्या तेव्हा माझे वडील ड्यूटीवर होते, एस.टी.त कंडक्टर. बाईंनी आईला एवढेच विचारले, 'सहा झाली का हो? मग सोळा तारखेला पाठवा. पाटी आणा, नसली तर शाळेत आहे.' कुटुंब-भेट म्हणाल तर ती ही. घर कसे आहे ते बाईंनी पाहिले, आईने दिलेले पाणी प्यायल्या आणि पुढच्या दारी गेल्या. घरात वीज नाही हे त्यांच्या लक्षात आले असणार, कारण पुढे दुसरीत संध्याकाळच्या अभ्यासाला मला आणि आणखी चौघांना त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात बसू दिले. घराची माहिती शाळेला हवीच असते. ती कशासाठी वापरली जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

मग हे उलटे कधी झाले? एका दिवसात झाले नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेची कल्पना मांडली होती. आसपासच्या सगळ्या मुलांनी, श्रीमंत असो की गरीब, एकाच जवळच्या शाळेत जावे अशी. ती कागदावर राहिली. शहरे वाढली, बदलीच्या नोकऱ्या वाढल्या, इंग्रजीवर नोकरी मिळते हे सगळ्यांना दिसू लागले. इंग्रजी माध्यमाच्या नावाजलेल्या शाळा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. पहिलीची जागा शिशुवर्गातच भरली जाऊ लागली, कारण एकदा आत गेलेले मूल दहावीपर्यंत आत राहते. म्हणजे दहावीचे दार तिसऱ्या वर्षी उघडायचे आणि लगेच बंद व्हायचे. एका जागेला अनेक अर्ज आले की निवड आली. तीन वर्षांच्या मुलाची परीक्षा काय घेणार? म्हणून मग आईवडिलांची. शिक्षण किती, नोकरी कुठे, घरी कोणती भाषा, घर स्वतःचे की भाड्याचे, इमारत निधीला काय देणार.

देणगीचे प्रकरण इतके वाढले की १९८७ मध्ये महाराष्ट्राला शिक्षणसंस्थांनी कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यावरचा अहवाल दिला. आपण सगळे त्याला दप्तराच्या वजनासाठी ओळखतो, पण शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेणे बंद करावे, अशीही शिफारस त्यात होती. मुलाखती बंद झाल्या नाहीत, मुलाखतीची तयारी करून घेणारे वर्ग मात्र निघाले.

दिल्लीत हा प्रश्न न्यायालयात गेला. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सीबीएसईचे तेव्हाचे अध्यक्ष अशोक गांगुली यांची समिती नेमली. मुलाखतीऐवजी गुण द्यावेत असे ठरले. घर शाळेपासून किती लांब, भावंड त्याच शाळेत आहे का, आईवडील त्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत का, वगैरे. मुलाखत गेली आणि गुणपत्रक आले. मग पालकांनी काय केले? शाळेजवळ भाड्याने घर घेतल्याचे करारनामे जमवायला सुरुवात केली. निकष कोणताही ठेवा, ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख असते तो त्या निकषाची तयारी करू शकतो, हा या प्रकरणाचा धडा.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमाने दोन गोष्टींना बंदी केली. एक कॅपिटेशन फी. ती घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड. दुसरी, मुलाची किंवा आईवडिलांची छाननी. त्यासाठी पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. छाननी म्हणजे काय, हेही कायद्याने सांगितले आहे. सोडतीसारख्या पद्धतीशिवाय एका मुलापेक्षा दुसऱ्याला पसंती देण्याची कोणतीही रीत म्हणजे छाननी. शिवाय खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हे कलम १२ मध्ये आले. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेव्हा आणि अनुदानित अल्पसंख्याक शाळा २०१४ मध्ये या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या.

तर मग मुलाखती अजून चालतात कशा? पहिली वाट नावाची. मुलाखत म्हणायचे नाही, 'इंटरॅक्शन' म्हणायचे. दुसरी वाट वयाची. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की २५ टक्क्यांबाहेरच्या नर्सरी प्रवेशांना हा कायदा आहे तसा लागू होत नाही, आणि त्यात दुरुस्ती करण्याची गरजही त्याच निकालात दाखवली. म्हणजे जिथे मूल सर्वात लहान आणि पालक सर्वात घाबरलेला, नेमके तिथेच संरक्षण सर्वात पातळ.

आपल्याकडचा ताजा इतिहासही सांगायला हवा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट, असा. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम ठेवला. सोडतीत नंबर लागलेल्या मुलांच्या आईवडिलांनी ते महिने कसे काढले, हे आपल्यातल्या दोघा-तिघांनी जवळून पाहिले आहे.

एवढा इतिहास सांगितल्यावर गटावरच्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. भेटीला बोलावले आहे, तर तयारी काय करावी? आदर्श व्यवस्था येईपर्यंत नातू थांबणार नाही, हे मलाही कळते. सत्तावीस वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून जे पाहिले, त्यावरून सांगतो.

मुलाची तयारी करू नका. पाठ करून आणलेले मूल शिक्षकाला पहिल्या मिनिटात ओळखू येते. 'तुझं नाव काय' याचे उत्तर दिल्यावर ते न विचारताच 'ॲपल, रेड' म्हणू लागते. त्याची झोप पूर्ण झालेली असावी, पोट भरलेले असावे, शू झालेली असावी. ते बोलले नाही तर 'बोल ना, घरी तर येतं' म्हणून त्याला टोचू नका. तीन वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाशी न बोलणे हे शहाणपण आहे. घरी मराठी बोलत असाल तर तसे सांगा. दोन वाक्ये इंग्रजीत पाठ करून तिसऱ्याला अडखळण्यापेक्षा आपल्या भाषेत मुलाविषयी नीट सांगणारी आई कोणत्याही चांगल्या शिक्षकाला जास्त उपयोगी वाटते.

लपवू नका. मूल उशिरा बोलायला लागले, दम्याचा त्रास आहे, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आजीजवळ वाढले आहे, आईवडील वेगळे राहतात, जे असेल ते. हे ऐकून जी शाळा तोंड फिरवते, ती पुढची बारा वर्षे काय सांभाळणार?

कागद एका फाइलीत ठेवा. जन्माचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. आता १ जूनची सोय नाही, आणि अर्जातले नाव व दाखल्यातले नाव यांतला एका अक्षराचा फरक पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत छळतो.

आणि प्रश्न तुम्हीही घेऊन जा. एका वर्गात मुले किती, वर्गावर मदतनीस आहे का, मुलींची आणि लहान मुलांची स्वच्छतागृहे पाहता येतील का, मूल रडले तर पहिल्या आठवड्यात पालकाला बसू देता का, फी किती आणि ती शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केली आहे का. फी नियमनाचा कायदा महाराष्ट्रात २०११ चा आहे, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. पावतीशिवाय पैसा मागितला तर तिथून उठा. मुलाच्या आजोबांनी, म्हणजे आपण, त्या दिवशी बरोबर जाण्याचा हट्ट धरू नये. भेट दोन पिढ्यांना पुरे, तिसरी फार बोलते.

आता मेळाव्यापुढच्या सूचनेविषयी. माजी विद्यार्थ्यांच्या नातवंडांना प्राधान्य द्यावे, यामागचे प्रेम मला समजते. आपले नातवंड त्याच चिंचेखाली खेळावे असे मलाही वाटते. पण एक हिशेब करून पाहू. १९७५ मध्ये हाच नियम असता तर आपल्यातले किती आत आले असते? आपल्या वडिलांपैकी कोणी हमाल, कोणी गिरणीतले, कोणी गावाकडून नुकतेच आलेले, कोणाची आई अंगठा करणारी. ते कोणत्याच शाळेचे माजी विद्यार्थी नव्हते. कुटुंब-भेटीत त्यांना काय विचारले असते आणि त्यांनी काय उत्तर दिले असते? आपल्याला शाळा मिळाली ती आपल्या घरात कोणी शिकलेले नसतानाही मिळाली. तिचे आपण देणे लागतो ते शाळेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या तशाच घरांना.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. शाळेच्या विश्वस्तांचे म्हणणे असे की विनाअनुदानित विभाग फीवर चालतो, फी देणारे घर आहे की नाही हे पाहावे लागते, आणि पालक साथ देणारे नसतील तर शिक्षिकेचे हाल होतात. यात तथ्य आहे. जे शिक्षक मेळाव्याला येणार आहेत, ते याला दुजोरा देतील. पण फीची माहिती छापील पत्रकातून सर्वांना आधीच देता येते, त्यासाठी कोणाची चौकशी लागत नाही. आणि पालकांची साथ वीस मिनिटांच्या भेटीत ओळखू येत नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी तोंड भरून बोललेले पालक वर्षभर फिरकले नाहीत, आणि कोपऱ्यात चप्पल काढून उभे राहिलेले दर शनिवारी येऊन मुलाची वही पाहून गेले.

म्हणून माझी संघाला विनंती अशी. भेट जरूर असावी, पण प्रवेश झाल्यानंतर, आणि शिक्षिकेने मुलाच्या घरी जाऊन, आपल्या बाई आल्या तशी. जागांपेक्षा अर्ज जास्त झाले तर सर्वांसमोर, शाळेच्या पटांगणात, चिठ्ठ्या टाकून सोडत काढावी. चिठ्ठी एखाद्या चौथीतल्या मुलीने उचलावी. त्यात माझ्या नातीचे नाव आले नाही तर ती जवळच्या दुसऱ्या शाळेत जाईल. आणि २५ टक्क्यांच्या ऑनलाइन अर्जासाठी, त्यात फोटो कसा चढवायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा, नकाशावर घर कसे दाखवायचे हे ज्यांना उमगत नाही त्यांच्यासाठी, अर्ज सुरू झाल्यावर दर रविवारी सकाळी शाळेच्या जुन्या चित्रकलेच्या वर्गात आपण दोन टेबले मांडावीत. संगणक मी आणतो. बँकेतून निवृत्त झालेले आपल्यात तिघे आहेत, दाखल्यांचे काम त्यांच्याकडे. शाळेने या खोलीची परवानगी दिली आहे, रविवारची किल्ली शिपायाकडे असेल. मेळाव्याला याल तेव्हा नोंदणीच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. तीत आपले नाव आणि कोणता रविवार जमेल ते लिहा.